भोगवटादार : निरंक

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा. बढतीवर बदली, म्हणजे शाबासकीची थाप इतक्या जोरात मारायची की माणूस तीनशे किलोमीटर लांब जाऊन पडला पाहिजे. पण खोटं कशाला बोलू, आज मी खुशीत आहे. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घरं मोजली, आता या गावातल्या प्रत्येक घराची किंमत ठरवणारा माणूस मी. मालमत्ता कर आकारणी अधिकारी. पाटीवर जेमतेम मावतं.

गाव म्हणजे एक बाजाररस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. कार्यालय दुमजली, पिवळं. हा पिवळा रंग सरकार सोडून कोणाला विकत मिळत नसावा. त्याच्या मागच्या आवारात माझं क्वार्टर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे एक दार आणि मागे परसात उघडणारं एक. परसात लिंबाचं झाड आहे. बटण खूश होईल. बटण म्हणजे माझी मुलगी, वय सहा. दीड वर्षाची असताना तिने माझ्या शर्टाचं बटण गिळलं, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं.

ही वही बायकोने दिली. रोजचा राग हिच्यात ओत, मला फोनवर ऐकवू नकोस, असं बजावून. तेव्हा ओततो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कार्यालय बघितलं. एक शिपाई, तो बसून झोपतो. उभ्यानेही झोपत असेल, पण तशी वेळ त्याच्यावर कधी आलेली दिसत नाही. आणि एक रेकॉर्डवाल्या बाई. पंचावन्नच्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, आवाज हळू. सव्वीस वर्षं एकाच कपाटापाशी बसल्या आहेत. आवारात माझ्या शेजारच्या खोलीतच राहतात.

बायकोला आमचं काम कधी कळलं नाही, म्हणून इथे एकदा लिहून टाकतो. सरकारजवळ एक कोष्टक असतं. भिंत कशाची, छत कशाचं, फरशी कोणती, घर किती वर्षांचं, पुढचा रस्ता किती रुंद. दर वर्षाला ठरावीक घसारा वजा करायचा. वजा करत करत साठाव्या वर्षी घर जवळजवळ फुकट होतं. मग त्यात कोणी जन्मलं असो की मेलं, त्याला रकाना नाही. माणसासाठी एकच रकाना, सगळ्यात शेवटचा: भोगवटादार, म्हणजे घरात प्रत्यक्ष राहतं कोण. त्यातली डोकी मोजून वरचे शहाणे गल्लीला पाणी किती द्यायचं आणि दिवे किती लावायचे ते ठरवतात.

बाईंनी पहिल्याच दिवशी मला धडा दिला. रकाना कोरा सोडायचा नाही, रेघ मारायची नाही. दाराला कुलूप असेल तर 'कुलूपबंद' लिहायचं, माणूस सापडला नाही तर 'भेट नाही'. आणि कोणीच राहत नसेल तर 'निरंक'. हा शब्द मला काय नवा आहे? काहीच नाही, कोणीच नाही, याला सरकारी भाषेत निरंक म्हणतात. अर्धं सरकार याच शब्दावर चालतं. पण इथे म्हणे निरंक लिहायच्या आधी कोणीतरी स्वतः दारात उभं राहून तीन हाका मारायच्या, प्रत्येक हाकेनंतर दहा अंक मोजायचे, आणि कोणी ओ दिली नाही तरच पेन उचलायचं. कोणत्या परिपत्रकात आहे, असं मी विचारलं. परिपत्रक नाही, इथे असंच करतात, म्हणाल्या.

मी हसलो. शिपाईसुद्धा जागा होऊन हसला, साहेब हसले म्हणून.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंना घेऊन पाहणीला गेलो. बाजाररस्त्यावर एका कंत्राटदाराचा तीन मजली बंगला आहे, गच्चीवर कारंजं. रजिस्टरमध्ये काय नोंद? 'गुरांचा गोठा, पत्र्याचं छत.' गेली अकरा वर्षं हा माणूस गोठ्याचा कर भरतो आहे. मी बाईंकडे बघितलं, त्यांनी रस्त्याकडे बघितलं. कंत्राटदाराने हसून खुर्ची दिली. मीही बसलो. उगाच आल्या आल्या कोणाच्या शेपटीवर पाय कशाला द्या.

पुढे एका पडक्या घरापाशी बाईंनी खरंच हाका मारल्या. घरात कोणी आहे का? मग डोळे मिटून दहापर्यंत मोजणं. पुन्हा हाक. मी छत्री फिरवत उभा. छप्पर नाही, दार नाही, आत एक कुत्रं झोपलेलं, आणि या बाई त्याला आदराने विचारताहेत. तिसऱ्या हाकेनंतर त्यांनी मला 'निरंक' लिहायची परवानगी दिली! मला! संध्याकाळपर्यंत नऊ घरं झाली. या वेगाने माझी निवृत्ती इथेच होणार.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज बाई रजेवर होत्या. एका दिवसात मी एकशे चौदा घरं उरकली. पंखा, टेबल, कोष्टक आणि जुनं रजिस्टर एवढं असलं की घरं बघायला लागत नाहीत. बघून काय कळतं? पोपडे.

मागच्या गल्लीतली घरं शेवटी ठेवली होती. चढ आहे, गटार आहे, आणि घरं सगळी साठीच्या पुढची. एका घराचा जिना तर म्हणे शिडीसारखा उभा. वर एक म्हातारा शिंपी राहतो, की राहायचा, शिपायाला नक्की सांगता येईना. एवढ्यासाठी मी गुडघे झिजवू? लिहिलं: अनुक्रमांक ४१, भोगवटादार निरंक.

खालचीच ओळ, ४२, माझ्या क्वार्टरची. ते रिकामं दाखवलं की घरभाडे भत्ता चालू राहतो. हे सगळेच करतात. न करणाऱ्याला खात्यात वेडा समजतात. तिथेही लिहिलं निरंक. सही, शिक्का.

(समासात, नंतर लिहिलेलं:) तेव्हा मी त्या खुर्चीत मांडीवर मांडी टाकून बसलो होतो, गुणगुणत होतो. हे आठवतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बायकोचं पत्र आलं. चोवीस तारखेला, रविवारी सकाळी दोघी सामानासकट येताहेत. घर सोडलं, शाळेतून नाव काढलं. पत्राखाली बटणने लिंबाचं झाड काढलं आहे, लिंबं झाडाहून मोठी.

बाई आज आल्या. रजिस्टर उलटून बघितलं. मग शिपायाकडे बघत विचारलं, मागच्या गल्लीत हाका मारल्या होत्या का. त्याच्या आधी मीच म्हणालो, मारल्या की. सरळ तोंडावर थाप मारली. शिपायानेही मान डोलावली आणि बाईंनी रजिस्टर कपाटात ठेवलं.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारा सकाळपासून बसून होता, गळ्यात मोजमापाची फीत. शिपाई त्याच्या पुढून दहा वेळा गेला, साधं काय काम आहे म्हणून विचारलं नाही. पाच वाजता कुलूप लावून सगळे निघाले, तरी तो बसलेलाच. या लोकांना माणसाची किंमत नाही. मीही काही बोललो नाही. माझं काम ते नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चहावाला आला, बाईंना चहा दिला, शिपायाला दिला, माझ्या टेबलाला वळसा घालून गेला. हाक मारली. गेला. याचा ठेला कुठल्या जागेत आहे ते सोमवारी बघतोच.

दुपारी एका माणसाने माझ्यासमोर उभं राहून शिपायाला विचारलं, नवीन साहेब कधी येणार. शिपाई म्हणाला, अजून कोणी आलं नाही. मी टेबलावर हात आपटला. शाईची बाटली कलंडली. शिपाई म्हणाला, वारा फार आहे.

चेष्टा चालली आहे माझी. मी असल्या चेष्टेला भीक घालत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

माझी खुर्ची नाही. टेबल आहे, खुर्ची नाही. 'वापरात नाही' म्हणून शिपायाने ती कंत्राटदाराकडे पोचती केली, कार्यक्रमासाठी. मी त्याची गचांडी धरली. खरंच धरली, त्याच्या सदऱ्याचं बटण माझ्या हातात आलं. त्याने खाली बघितलं, चुकचुकला, आणि सदऱ्याचा दोरा तोडत निघून गेला.

बाकावरचा म्हातारा हे बघत होता. त्याने मला जवळ बोलावलं आणि ते बटण मागून घेतलं. मग अगदी सहज विचारलं, साहेब, तुम्हाला मी दिसतो ना? मी म्हणालो, दिसतो म्हणजे काय, न दिसायला काय झालं. तो म्हणाला, मला गेला आठवडाभर कोणी बघत नाही. दुकानदार वाण्यापासून सख्ख्या भाच्यापर्यंत कोणी नाही. तुम्हाला दिसतो, म्हणजे तुमचंही तेच झालं असणार.

मग त्याने सांगितलं, की तो मागच्या गल्लीत राहतो. वरच्या मजल्यावर. जिना शिडीसारखा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज तो जिना चढलो. अकरा पायऱ्या. अकराच.

वर शिवणयंत्र होतं, खिडकीत हिरव्या रोपांचे डबे, आणि त्याची बायको. तिने मला बसायला पाट दिला. ती बहिणीकडे गेली होती, माझ्या त्या सोमवारी ती गावात नव्हतीच. गुरुवारी परत आली, दारात उभी राहून तिने नवऱ्याला हाक मारली. परक्या कोणाला आमचा आवाज जात नाही, पण आपल्या माणसाला दारातून जातो, म्हातारा म्हणाला. त्याने ओ दिली. ती आत आली. शुक्रवारपासून तिलाही कोणी बघत नाही. हे सांगताना त्याने बायकोकडे बघितलं नाही. तीच म्हणाली, असू दे, एकटे काय केलं असतंत.

खाली गल्लीतला नळ काढून नेलाय, दिव्याचा खांबही. विचारणार कोणाला? गल्लीत राहतं घर हे एकच, बाकीची पडकी, म्हणजे वस्ती निरंक. खांब आता कंत्राटदाराच्या गोठ्यापुढे उभा करताहेत. गुरांना उजेड लागतो.

हे सरकार कोणाला मारत नाही. फक्त मोजत नाही. आणि मोजणारा मी होतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

रजिस्टर काढलं. ४१ आणि ४२ वर काट मारली, दोन्ही नावं लिहिली, ठसठशीत. सही केली.

अकरा वाजता बाईंनी पान उघडलं. घाबरल्या. कोणीतरी गिरगोटून ठेवलंय, म्हणाल्या. दुरुस्ती करायची तर भोगवटादाराने समक्ष येऊन हरकत घेतली पाहिजे. मी समक्ष होतो! त्यांच्या चष्म्यात माझं टेबल दिसत होतं, भिंत दिसत होती —

त्यांनी पांढऱ्या पट्ट्या कापल्या, खळ लावली, चिकटवल्या. वर सुंदर अक्षरात लिहिलं. निरंक. निरंक.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कार्यालयातून फोन लावला. बायकोने उचलला. मी ओरडून सांगितलं, येऊ नकोस, निघू नका. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मग कोणाला तरी म्हणाली, नुसता वारा ऐकू येतोय. मागे बटण विचारत होती, लिंबाच्या झाडावर चढता येतं का.

चार वेळा लावला. चौथ्यांदा तिने शिवी दिली.

पत्र टाकलं. तिकीट लावलं, पेटीत टाकलं. दुपारी तेच पत्र क्वार्टरच्या पायरीवर. वर शेरा: पाठवणारा आढळत नाही. किती तत्पर झालंय टपालखातं!

पायी जाऊ? तीनशे किलोमीटर. शेवटी एका गाडीत चढून बसलो, तर गाडीवाल्याने माझ्या मांडीवर पोतं ठेवलं. उतरलो. पोत्याखाली श्वास कोंडला, तेव्हा कळलं की मी अजून श्वास घेतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बाई आल्या. क्वार्टरच्या दारात. पट्टी चिकटवली तरी त्यांचं मन खात असणार, त्या तशाच आहेत. मी हसायचो त्यांना.

दार उघडंच होतं. दोन हातांवर मी. हाक मारली. आहे, आहे, बाई, आहे मी! डोळे मिटून दहापर्यंत मोजलं त्यांनी. मी त्यांचा पदर धरला. दुसरी हाक. घसा फाटेपर्यंत ओरडलो. तिसरी हाक मारताना त्यांचा आवाज कापला. नीट, पूर्ण दहा मोजले.

मग वहीत बारीक खूण केली. पडताळणी झाली.

या गावात नियमाने वागणारं एकच माणूस, आणि तिनेच —

२३ नोव्हेंबर, शनिवार

शिंप्याला विचारलं, काय करू. तो म्हणाला, कुलूप लावा. कुलूप बघून माणूस परत जातो. आणि साहेब, हाक आली तर ओ देऊ नका. मी दिली. रोज पस्तावतो. पण पुन्हा मारली तर पुन्हा देईन, म्हणून सांगतो, दाराजवळ थांबूच नका.

थांबू नका! मला निदान बघू दे. एवढं तर —

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलंय. मागून आत आलो. परसातलं तिचं झाड — नाही, तिचं नाही. ती येणार नाही इथे.

बायको समजेल, मी पळालो. समजू दे. मला लाज नव्हतीच, आता ती अंगावर घ्यायला हरकत नाही.

शिंप्याने ते बटण माझ्या सदऱ्याला लावून दिलं. गळ्याशी. कोणाला दिसणार, म्हटलं. तो म्हणाला, माप घेतलं की काम पुरं करायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सव्वादहा. गाडी थांबली.

दोन ट्रंका, वळकटी. बायको बारीक झाली आहे. बटणने निळा फ्रॉक — दोन वेण्या — एक सुटलेली.

कुलूप बघितलं. बाई शेजारून आल्या. सांगताहेत, इथे कोणी राहत नाही, साहेब अजून रुजूच झाले नाहीत. बायको म्हणाली, कसं शक्य आहे, त्यांचं पत्र आलं होतं. ट्रंकेवर बसली. तोंड फिरवून रडते आहे, मुलीला दिसू नये म्हणून.

जा. उठ आणि जा. शिव्या दे मला.

बाई बटणला सांगताहेत — का सांगता बाई, तिला का — की आमच्याकडे तीन हाका मारायची पद्धत आहे. म्हणजे खात्री होते.

बटण दाराशी. बाबा.

तोंडात रुमाल कोंबलाय. ती मोजतेय. बोटांवर. सात नंतर नऊ.

दुसरी. बाबा, मी आलेय.

लिहीत राहतो. लिहीत राहिलो की तोंड — आठ, नऊ, दहा.

तिसरी.

दहा झाले. झालं. संपलं. बायको उठली. ट्रंक उचलली. गाडीवाल्याला थांब म्हणाली. वाचल्या. वाचल्या दोघी. निरंक नाहीत त्या, त्या आहेत —

बटण कुठे?

फ्रॉक — भिंतीकडेने — लिंबाचं झाड. झाड बघायला — कडी — मागची कडी मी —

चौथी. नियमात चौथी नाही. चौथीला काय करायचं ते कोणी सांगितलं ना— परसातून, अगदी जवळ, रडतेय, बाबा म्हणतेय, रुमाल पडला आणि माझ्या तोंडून ओ—